नेम कशाचा धरायचा?

ताई,

वय ४९. डोंबिवली पूर्वेला राहते, फोर्टमधल्या एका विमा कचेरीत अकाउंट्सला आहे. पाचला उठते, डबे करते, ८.०४ ची लोकल पकडते, घरी यायला साडेसात होतात. मुलगा नोकरीला बंगळुरूला, मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. मिस्टर चांगले आहेत. सासूबाई सहा वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. दिवसा मावशी असायच्या, सकाळ-रात्र माझी. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. रात्री आठला मी त्यांची वेणी घालायचे. अजून आठ वाजले की हात फणी शोधतो.

आता वेळ मिळतो, पण तो जातो कुठे कळत नाही. शनिवारी सगळ्यांच्या आठवड्याच्या कपड्यांना इस्त्री, रविवारी साफसफाई. रोज रात्री साडेबारापर्यंत रील्स बघत पडते आणि मग स्वतःचाच राग येतो. जानेवारीत एक महागडी प्लॅनर डायरी आणली. पहिल्याच पानावर छापलंय, ‘माझ्या जगण्याचा उद्देश’. ते पान अजून कोरं आहे. माझ्यासारख्या बाईला असा काही उद्देश असतो का? की आता हे असंच चालायचं?

ता.क. सासूबाईंना जात्यावरच्या खूप ओव्या येत. लिहून घेऊ, लिहून घेऊ म्हणत राहून गेलं. आता फक्त देवरुखच्या आत्या (ह्यांच्या, वय ८४) उरल्या आहेत. त्यांना फोन करायचं दर महिन्याला ठरवते, तेही राहून जातं.

– एक वाचक

प्रिय मैत्रिणी,

सासूबाई गेल्या तेव्हा तुम्ही रजा किती दिवस घेतली होती? बहुधा तेराव्यापर्यंत. तेही दिवस आल्या-गेल्याच्या चहात आणि दिवसांच्या तयारीत गेले असतील. चौदाव्या दिवशी पुन्हा ८.०४.

पत्रात तुम्ही उद्देशाबद्दल विचारलंय, पण माझी नजर अडकली ती आठ वाजता फणी शोधणाऱ्या हातावर. सहा वर्षं, ठरल्या वेळी, तुम्ही एका माणसाचे केस विंचरलेत. गुंता सोडवायचा, तेल लावायचं, उशीवर टोचणार नाही अशी सैल वेणी घालायची. हे मी कशासाठी करतेय, हा प्रश्न तेव्हा एकदाही पडला नसेल. दमलात असाल, चिडलाही असाल, पण ते आठ वाजता करायचं होतं आणि तुम्हीच करायचं होतं, यात शंका नव्हती. डायरीचं पान जे मागतंय ते तुमच्याजवळ होतं. सासूबाई गेल्या तेव्हा तेही गेलं आणि त्या जागी दुसरं काही आलं नाही.

आजारपण काढणाऱ्या बायकांचं हे असं होतं. माणूस गेल्याचं दुःख चारचौघांना दिसतं. त्या माणसाभोवती बांधलेला सगळा दिवसही सुटून पडतो, ते कुणाच्या ध्यानात येत नाही. उलट भेटायला आलेल्या बायका हळूच म्हणतात, ‘सुटलीस गं बाई.’ तुम्हालाही म्हणाल्या असतील. त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून तुम्हीही मान हलवली असेल, आणि मग रिकामं वाटतंय हे सांगायला तोंड उरलं नसेल.

तेव्हा पहिलं म्हणजे स्वतःवरचा तो राग सोडा. रील्स बघणं काही फार चांगलं आहे असं मी म्हणणार नाही, पण पहाटे पाचपासून दुसऱ्यांच्या घड्याळावर चाललेल्या बाईला तेवढी एकच घटका स्वतःची मिळते आणि दमलेलं मन तिथे जाऊन पडतं. त्याला आळस म्हणू नका.

एक मात्र नीट तपासा. पाळी जाण्याच्या आगेमागे कित्येकींची झोप उडते, कशात जीव रमत नाही, उगाच डोळे भरून येतात. पन्नाशीच्या उंबरठ्यावर यामागे शरीरही असू शकतं, तेव्हा एकदा स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटून या. आणि उदासी दोन आठवड्यांहून जास्त दिवस सलग टिकत असेल, जेवणावरची वासना गेली असेल, जगणंच नकोसं वाटत असेल, तर हे पत्र बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टर गाठा. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येतं. रात्रीच्या साडेबारालाही.

आता त्या डायरीबद्दल. पान कोरं राहिलं यात तुमची चूक नाही, प्रश्नच चुकीचा आहे. ‘तुमच्या जगण्याचा उद्देश काय’ असं एका ओळीत विचारलं तर भल्याभल्यांना लिहिता येणार नाही. पहाटे उठा, तासभर स्वतःला द्या, मग लिहा, असं सांगणारे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. ज्यांची सकाळ त्यांच्या मालकीची आहे त्यांच्यासाठी ते ठीक आहे. तुम्ही पाचला उठताच आहात, आणि तो तास डब्यांचा आहे.

असं वाटतं ना, की ज्यांना उद्देश सापडलाय त्यांचा दिवस आपल्यापेक्षा काही वेगळा दिसत असेल? महर्षी कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत. १९०० साली त्यांनी विधवांसाठीचा आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याला एका झोपडीत नेला. दिवसा कॉलेज करायचं, संध्याकाळी हिंगण्याला चालत जायचं, सकाळी पुन्हा चालत पुण्यात यायचं. पावसाळ्यात तो रस्ता म्हणजे नुसता चिखल. वाटेत भेटणाऱ्याला चिखलाने भरलेल्या पायांचा एक मास्तर तेवढा दिसत असेल. स्त्रीशिक्षणाचं केवढं तरी मोठं काम आपल्याला आज, एवढ्या लांबून दिसतं. त्यांच्या वाट्याला रोज आली ती तेवढी चाल.

मग सुरुवात कुठून करायची? तुमच्या घरी सत्यनारायण झाला असेल, गणपती बसत असेल. पूजेच्या सुरुवातीला गुरुजी काय करायला लावतात ते आठवा. तळहातावर अक्षता, वर पळीभर पाणी, आणि मग तो लांबलचक संकल्प. भरतवर्षे, दंडकारण्ये देशे, गोदावर्याः दक्षिणे तीरे. मग शक, संवत्सर, महिना, पक्ष, तिथी, वार. मग नाव आणि गोत्र. आणि सगळ्यात शेवटी, आज मी हे करणार. एवढं म्हणून हातावरचं पाणी ताम्हनात सोडायचं. कुठे, कधी, कोण आणि काय. माझं आयुष्य कशासाठी आहे, याबद्दल त्यात अवाक्षर नाही. पीटर गॉलवित्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकात हेच तपासून दाखवलं. ‘मी हे करणार’ एवढंच ठरवणाऱ्यांपेक्षा ‘अमुक वेळी, अमुक जागी मी हे करणार’ असं ठरवणाऱ्यांच्या हातून ते काम होण्याची शक्यता बरीच जास्त असते. आपल्या पूजेत ते फार आधीपासून आहे.

त्याच पूजेतली आणखी एक गोष्ट. पाणी सोडतात ते यजमान. आपण शेजारी बसून त्यांच्या हाताला हात लावतो. मीही तीस वर्षं तशीच बसले, आणि त्यात मला कधी कमीपणा वाटला नाही. पण तुमचं पत्र वाचताना ते चित्र डोळ्यांसमोरून हलेना. घराचे हप्ते, मुलाची बारावी, सासूबाईंचं दुखणं, मुलीचं कॉलेज. या सगळ्या संकल्पांना तुम्ही हात लावलात, आणि नुसता लावला नाहीत, ते तडीस नेलेत. स्वतःच्या तळहातावर पाणी घेऊन ‘मी हे करणार’ असं मात्र तुम्ही शेवटचं कधी म्हणाला होतात?

आपल्या भाषेत ‘पाणी सोडणं’ याला दुसराही अर्थ आहे. दान देताना हातावरून पाणी सोडतात, म्हणजे त्या वस्तूवरचा आपला हक्क संपला. त्यावरूनच आपण ‘त्या पैशांवर पाणी सोडलं’ असं म्हणतो. संकल्पाचं पाणी आणि दानाचं पाणी, दोन्ही त्याच पळीतलं. काही धरायचं म्हटलं की काही सोडायचंही ठरवावं लागतं. तुमच्या डायरीत धरायच्या गोष्टींचे रकाने पुष्कळ असतील, सोडायच्या गोष्टींना मात्र जागा नसणार.

माझी आई हे फार सहज करायची. साताऱ्याला आमच्या शेजारी एक काकू होत्या, काचबिंदूने त्यांची नजर गेली होती. एका आषाढीला आईने नेम धरला. चातुर्मासाचे चार महिने, रोज दुपारी तीन वाजता, काकूंच्या ओट्यावर बसून त्यांना पेपर वाचून दाखवायचा. सोडलं काय, तर दुपारची झोप. ती झोप आईला किती प्यारी होती हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. काकूंना राजकारणात गोडी नव्हती. त्या निधनवार्ता ऐकत आणि बाजारभाव ऐकत. भुईमुगाच्या शेंगांचा भाव आला की ‘परत वाच’ म्हणत, कारण त्यांच्या माहेरी भुईमूग असे. आई परत वाचायची. कार्तिकी एकादशी झाली, द्वादशीला काकूंना जेवायला बोलावून आईने पुरणपोळी वाढली. नेमाचं उद्यापन झालं. पुढे रोजचं वाचन राहिलं नाही, आठवड्यातून एक-दोनदा मात्र चालू राहिलं, काकू जाईपर्यंत.

चार महिन्यांनी उद्यापन आहे हे ठाऊक असतं म्हणून नेम धरायला छाती होते. ‘आता आयुष्यभर मी असं जगणार’ म्हटलं की पहिल्याच आठवड्यात धाप लागते.

आणि नेम हा शब्दच बघा. चातुर्मासात धरतात तो नेम, आणि दगडाने कैरी पाडताना पोरं धरतात तोही नेम. अख्ख्या झाडावर कुणाला नेम धरता येत नाही. एकच कैरी बघावी लागते.

तुमची कैरी ताज्या कलमात आहे. वर दोन परिच्छेद तुम्ही उद्देशाबद्दल लिहिलेत, ते कुणीही लिहिले असते. खालच्या चार ओळी फक्त तुम्हीच लिहू शकत होतात. ‘तेही राहून जातं’ हे लिहिताना आपण काय लिहितोय हे तुमच्या लक्षात आलं का, मला माहीत नाही. आत्या ८४ वर्षांच्या आहेत.

तेव्हा आता येणाऱ्या आषाढीला तुम्ही स्वतःच्या हाताने संकल्प सोडावा असं मला फार वाटतं. पळी-पंचपात्र हवंच असं नाही, वाटीतलं पाणी चालेल. शब्द साधारण असे ठेवा: डोंबिवली पूर्वेला, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी, दर शनिवारी दुपारी चार वाजता, मी देवरुखच्या आत्यांना फोन करीन आणि त्या सांगतील ती एक ओवी वहीत उतरवून घेईन. आषाढी ते कार्तिकी. त्यासाठी शनिवारच्या इस्त्रीवर मी पाणी सोडते.

इस्त्रीवर, हो. झोपेवर सोडू नका, ती आधीच कमी आहे. रात्रीच्या त्या एका घटकेवरही इतक्यात सोडू नका, ती आपोआप कमी झाली तर होईल. घरात धडधाकट मिस्टर आहेत आणि इंजिनिअरिंगला मुलगी आहे. आपापले कपडे त्यांना करता येतात, नाहीतर खाली इस्त्रीवाला आहेच. पहिल्या सोमवारी कुणाचा तरी शर्ट चुरगळलेला असेल. तो बघून तुमचा हात शिवशिवेल. तो शर्ट तसाच जाऊ द्या. या सगळ्या बेतात मला अवघड वाटतं ते एवढंच.

ओव्या कशा उतरवायच्या, याबद्दल थोडं सांगते, कारण इथे घाई केली तर हाती काही लागत नाही. ‘आत्या, ओव्या सांगा’ असं म्हणू नका. ‘आता कुठल्या गं आठवायला’ एवढंच उत्तर येईल. जातं घरात कुठे मांडलेलं असायचं, पहाटे किती वाजता उठायचात, खुंट्याला समोरून हात कुणाचा असायचा, पीठ कसलं, तांदळाचं की नाचणीचं, हे विचारा. ओवी बसलेली असते हाताच्या फिरण्यात. पहाटेचा काळोख, जात्याची घरघर, मूठ मूठ दाणे सोडणं, याच्याशी ती बांधलेली असते, ते आठवलं की मागोमाग तीही येते. लग्नकार्यात घाणा भरायला म्हणून त्यांच्याकडे अजून जातं ठेवलेलं असेल, तर घरच्या कुणाला तरी सांगून त्यांना एकदा त्याच्याजवळ बसवा.

त्या जसं म्हणतील तसंच लिहा. शुद्ध करू नका, अर्थ लागला नाही म्हणून शब्द बदलू नका. ओवी कुणाकडून ऐकली, आईकडून, सासूकडून की शेजारणीकडून, ते खाली लिहा, गाव लिहा, तारीख घाला. त्यांची परवानगी घेऊन फोनवर आवाजही साठवून ठेवा. एका वेळी एकच ओवी पुरे. दोन आल्या तर दुसरी पुढच्या शनिवारसाठी राहू दे, म्हणजे आत्याही वाट बघतील.

चार महिन्यांत सोळा-सतरा शनिवार येतात, म्हणजे सोळा-सतरा ओव्या. एवढ्याशाने काय होणार असं वाटेल. पुण्यातल्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायकांना बरोबर घेऊन एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यातल्या पुष्कळ आज ‘पारी’ या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळावर वाचता येतात, म्हणणाऱ्या बाईच्या आणि तिच्या गावाच्या नावासकट. त्या लाखांतली प्रत्येक ओवी कुणीतरी कुणासमोर तरी बसून एकदा ऐकलेली आहे. मोठं काम हे असंच जमतं. आणि तुमचं काम मोठं व्हावंच असंही नाही. सासूबाईंच्या नणंदेच्या तोंडून आलेली, सासूबाईंनीही म्हटलेली एक ओवी तुमच्या मुलीच्या हाती पडली तर तुमच्या घरापुरतं ते लाखाइतकंच आहे.

हे सगळं जात्याभोवती का फिरतंय, तेही सांगते. ओवी म्हणायची म्हणून जात्यावर कुणी बसत नव्हतं. पीठ हवं म्हणून बसत. पहाटे उठून दळण्यात सुख नव्हतं, कष्ट होते, आणि कित्येक ओव्यांत ते कष्ट, तो सासुरवास, माहेरची ओढ उघड सांगितलेली आहे. गिरणी आली ते चांगलंच झालं. पण त्या बायकांनी उद्देश शोधायला दळण थांबवलं नाही, आणि दळता दळता स्वतःचं काहीतरी म्हणायचंही सोडलं नाही. तुमचे डबे, तुमची लोकल, तुमची कचेरी हे तुमचं दळण आहे. ते हलणार नाही आणि त्यात रोज अर्थ शोधत बसायचीही गरज नाही. आठ-चारच्या गाडीत उभं राहून प्रत्येक क्षण जागेपणाने जगायचा, असलं ओझं मी तुमच्या खांद्यावर ठेवणार नाही. झोप आली तर खुशाल डुलकी काढा. शनिवारचे चार वाजले की मात्र खिडकीशी.

राहता राहिले रोजचे रात्रीचे आठ. फणी शोधणाऱ्या हाताला काहीतरी द्यायला हवं. सासूबाईंची फणी टाकून दिली नसेल तर ती वहीजवळ ठेवा. आठला पाच मिनिटं बसा आणि त्यांच्याबद्दलचं एखादं वाक्य लिहा, नुसतं ‘आज त्या असत्या तर बोंबील तळायला सांगितलं असतं’ एवढंही चालेल. हा नेम नाही, जमेल तेव्हा करायचं. दोन वर्षांपूर्वी रडायला वेळ मिळाला नव्हता. आता रडू आलं तर येऊ द्या.

मधला एखादा शनिवार चुकेल. कचेरीत हिशेब लांबतील, पाहुणे येतील, देवरुखला पावसात वीज जाईल आणि फोन लागणार नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ९६ माणसं त्यांनी रोजच्या नव्या सवयी लावून घेताना पाहिली. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला अवघे १८, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला, आणि मधे एखादा दिवस चुकल्याने फारसं काही बिघडलं नाही. तुमचं काम रोजचं नाही, आठवड्याचं आहे, पण हे शेवटचं वाक्य तुमच्यासाठीही खरं आहे. चुकलं तर डायरी बंद करू नका, रविवारी फोन लावा.

डायरीवरून आठवलं. ती वाया घालवू नका, कागद चांगला असेल. ‘माझ्या जगण्याचा उद्देश’ हे छापलेलं पान कोरंच राहू द्या आणि पहिली ओवी दुसऱ्या पानावर उतरवा. कार्तिकी झाली की मला पुन्हा पत्र लिहा आणि त्या वहीतली एक ओवी पाठवा, आत्यांनी म्हटली तशीच. ती त्यांना कुणी शिकवली तेही लिहा. आत्यांची हरकत नसेल तर याच सदरात आपण ती छापू.

तुमची,
ताई